फिल्टरला सुट्टी नसते

"माछलीवाळी बेन आवी!"

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या सोसायटीत मी लिफ्टमधून बाहेर पडले, की कुणाचं तरी पोर अशी आरोळी ठोकतं आणि समोरच्या फ्लॅटचं दार धाडकन लागतं. शाकाहारी बिल्डिंग. माझ्या हातात बादली, खांद्यावर लांब पाइप, पिशवीत जाळी. लोकांनी काय समजायचं ते समजतात. एका म्हाताऱ्या गुजराती बांनी तर नाकाला पदर लावून बादलीत वाकून पाहिलं होतं. "आमां शुं छे?" मी म्हटलं, "पाणी आहे बा, नुसतं पाणी." त्यांचा विश्वास काही बसला नाही. मी पुढे गेल्यावर त्यांनी दारात अगरबत्ती लावली.

तर आधीच सांगते, मी खायचे मासे विकत नाही. मी लोकांच्या घरातले मासे जगवते. मी सुनंदा, लिंबायतची. माहेर-सासर दोन्ही खानदेशातलं, आणि दोन्हीकडचे पुरुष सुरतेत येऊन कापड विणायच्या लूमवर लागले. आमचं मात्र माशांचं छोटं दुकान. आमचे हे गल्ल्यावर बसतात आणि मी घरोघर फिरून टाक्या सांभाळते. उलटं का नाही, असं सगळे विचारतात. अहो, दुपारी घरात बायाच असतात. अनोळखी पुरुषाला आत कोण घेणार? मला घेतात, चहा देतात, वर सुनेच्या तक्रारीही ऐकवतात.

मासे तक्रार तोंडाने करत नाहीत. अंगाने करतात. आणि ती वाचता येणं हीच या धंद्यातली खरी मजा आहे. इतकी वर्षं झाली, पण टाकीसमोर उकिडवं बसलं की माझं अजून तसंच होतं. चहा गार होतो, फोन वाजून वाजून बंद पडतो. कळप सुटा-सुटा फिरतोय की एकमेकांना चिकटून आहे? तळाचे मासे वाळू चिवडतायत की दर क्षणाला वर धावतायत? पंख उघडे आहेत की अंगाला दाबून धरलेत? माणसाचा चेहरा खोटं बोलतो, माशाचा पंख बोलत नाही. एवढं बघितलं की बादली खाली ठेवायच्या आत मला कळतं, या घरात कुणी काय उद्योग करून ठेवलाय.

माझ्या आवडीची टाकी म्हणजे झाडं लावलेली, सगळ्या जातीचे मासे गुण्यागोविंदाने नांदतात ती. वरच्या थरात चपळ, मध्ये कळपाने फिरणारे, खाली वाळू उकरणारे. आणि खरी झाडं, प्लास्टिकची नव्हे. यात लोक दोन गोष्टी चुकतात, पाण्याची चाल आणि फिल्टर. त्या दोन्हीच्या गोष्टी सांगते. कारण पुढे त्या गोष्टींतली दोन्ही घरं एकाच दिवशी माझ्या गळ्यात येऊन पडली होती.

आधी पाण्याची चाल.

जयंतीभाई साड्यांचे व्यापारी, मोठा फ्लॅट, दिवाणखान्यात माणूस आडवा झोपेल एवढी टाकी. एक दिवस फोन. "बेन, आ माछलीओ डिप्रेशनमां छे!" मी धावत गेले. बघते तर सगळे मासे एका लाकडाच्या ओंडक्यामागे दाटीवाटीने उभे. लांब पातीची झाडं वादळात सापडल्यासारखी आडवी. आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला न खाल्लेल्या दाण्यांचा तपकिरी थर साचलेला.

"फिल्टरचं तोंड कुणी फिरवलं?" मी विचारलं.

जयंतीभाई जरा घुटमळले. मग कळलं, वास्तुवाले महाराज आले होते. त्यांनी टाकी बघून कपाळाला हात लावला म्हणे. पाणी दाराकडे वाहतंय! म्हणजे लक्ष्मी बाहेर चालली! झालं. जयंतीभाईंनी तोंड घराच्या आतल्या बाजूला वळवलं आणि लक्ष्मी जोरात यावी म्हणून झोतही पूर्ण सोडला. आता त्या झोतात बोटाएवढा मासा टिकणार कसा? तो बिचारा दिवसभर पोहून पोहून दमतो, मग आडोसा धरतो, आणि आडोशाला दाणा पोचत नाही.

मला हसू आवरेना, पण गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला हात घालायचा नाही, हा माझा नियम. मी म्हटलं, "जयंतीभाई, दिशा तुमचीच ठेवते. फक्त लक्ष्मीला जरा सावकाश येऊ द्या." दाराकडच्या काचेला आडवी, भोकाभोकांची नळी लावली. एका तोंडातून धबधब येणारं पाणी आता दहा ठिकाणांहून हळू निघालं. मग माझी नेहमीची परीक्षा. दाण्यांची चिमूटभर भुकटी पाण्यात सोडायची आणि ती कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी धरून ठेवायचं. भुकटी वरून पलीकडे गेली, काचेला लागून खाली उतरली, झाडांच्या बुंध्यातून फिरून परत आली. कुठेच अडकली नाही! प्रत्येक पान नुसती मान हलवत होतं. तेवढ्यात ओंडक्यामागून एक लाल-निळी रेघ बाहेर आली, तिच्यामागे दुसरी, मग अख्खा कळप! मी टाळी वाजवली. जयंतीभाईंनी पण वाजवली.

"लक्ष्मी धीमे आवे तो चाले," ते खूश होऊन म्हणाले, "पण अंदर आववी जोईए."

आता फिल्टर. इथे जरा मास्तरीणबाई होते, कंटाळू नका.

लोकांना वाटतं फिल्टर म्हणजे चहाची गाळणी. घाण अडकली, धुऊन टाकली, संपलं. तसं नसतं हो! मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच सगळं उरकतात. त्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाचे कल्ले जाळतो. पण फिल्टरच्या स्पंजात, चिनीमातीच्या कड्यांत डोळ्याला न दिसणारे जिवाणू वस्ती करून असतात. एक जमात तो अमोनिया खाते, तिच्यातून जे निघतं ते दुसरी जमात खाते, आणि शेवटी जे उरतं ते झाडांचं खत. म्हणजे स्पंजावरचा तो तपकिरी बुळबुळीत मळ हाच तुमचा खरा कामगार. त्याला सतत वाहतं पाणी लागतं, कारण पाण्यातूनच त्याला हवा मिळते. फिल्टर बराच वेळ बंद राहिला की कामगार गुदमरले. म्हणून स्पंज पिळायचा तर टाकीच्याच पाण्यात, हलक्या हाताने, आणि एका वेळी सगळा नाही. हे मी प्रत्येक घरात सांगते. बाया मान डोलावतात आणि मला माहीत असतं, त्यांना तो मळ बघवत नाही.

आता आमच्या हिलालअण्णांकडे चला.

हिलालअण्णा लिंबायतमध्ये आमच्याच गल्लीच्या पलीकडे राहतात. लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेलं मशीन चालू करणारा माणूस. उभं आयुष्य त्या खडखडाटात गेलं आणि कान गेले. काम सुटलं तेव्हा घरात त्यांचा जीव रमेना. ऐकू येत नाही म्हणून गप्पांत बसत नाहीत, बसले की चिडतात. एकदा माझ्या दुकानासमोर येऊन उभे राहिले ते दुपार उलटली तरी हललेच नाहीत. शेवटी म्हणाले, म्हणजे ओरडलेच, "सुनंदा, हे बरं शे! यासनं काही ऐकू येत नही, तरी समजस!"

पण त्यांचे मासे टिकेनात. एकदा मेले, दुसऱ्यांदा मेले. मला कोडंच पडलं. पाणी बरोबर, झाडं बरोबर, दाणा बरोबर. आणि माणूस तर असा, की फिल्टरच्या डब्यावर नुसता तळवा ठेवून सांगायचा, आत पंखा घासतोय. मग एके दिवशी गेले तर फिल्टर बंद.

"अण्णा, लाइट गेली का?"

"नही! आज सुट्टी शे!"

"कुणाला?"

"मशीनले!"

घ्या! आठवड्यातून एक दिवस कारखाना बंद, तशी अण्णांनी फिल्टरला साप्ताहिक सुट्टी लावली होती. मशीनला आराम दिला की मशीन टिकतं, हा त्यांचा जन्माचा नियम. लूमला तो बरोबरच होता. मी त्यांच्या कानाशी ओरडून ओरडून समजावलं की हे मशीन नाही, आत वस्ती आहे, हिला सुट्टी दिली तर ती मरते. समजलं तेव्हा अण्णांनी आधी उठून फिल्टर चालू केला. मग त्यांनी प्लगवर चिकटपट्टी अशी गुंडाळली की कुणाची काढायची छाती होऊ नये.

आता वत्सलाकाकू, त्यांची बायको. साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी करतात. बोलायला फटकळ, मनाने लोणी. दुसऱ्यांदा मासे मेले तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं, "घरात जीव मरतात, मला सोसवत नाही. आता एक जरी मेला ना, तर टाकी भंगारवाल्याला. देवाशप्पथ." आणि काकूंनी देवाची शपथ घेतली की ती पाळतात, हे गल्लीला माहीत आहे.

तिसरी टाकी मात्र जमली! अशी जमली की मी दुसऱ्या गिऱ्हाइकांना तिचे फोटो दाखवायचे. लांब पातीचं रान, ओंडक्याला बांधलेलं फर्न, मध्ये लाल-निळा कळप, तळाला मिशावाले वाळू उकरणारे, आणि या सगळ्यांत संथ फिरणारा एक काळा एंजल, त्रिकोणी, उंच पंखांचा. अण्णांचा लाडका. काच ठोकायची नाही, नुसतं बोट ठेवायचं, की तो बोटाशी यायचा. काकू टिकल्या लावता लावता तोंड वाकडं करून बघायच्या. पण बघायच्या.

त्या वर्षी अण्णा दसऱ्याला कुळधर्मासाठी गावाला गेले. काकू सुरतेतच राहिल्या, दिवाळीच्या साड्यांची घाई होती. दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी सकाळी काकूंचा फोन. आवाज ओळखूच येईना.

"सुनंदा, ये बाई लवकर. पाणी दुधासारखं झालंय. मासे वर येऊन तोंड उघडतायत. आणि हे आज संध्याकाळच्या गाडीने येतायत."

मी चपला घालत घालतच निघाले.

काय सांगू! टाकीत ताक ओतल्यासारखं पाणी. लाल-निळा कळप रंग उडून वर पाण्याच्या कडेला, एकमेकांना चिकटून, प्रत्येकाचं तोंड हवेत. तळाचे मिशावाले वर झेप घेऊन खाली पडत होते. काळा एंजल एका कोपऱ्यात तिरका, पंख अंगाला घट्ट. फिल्टर चालू होता. चिकटपट्टी मात्र सुटलेली. आणि डब्यावर हळद-कुंकू, वर वाळलेल्या झेंडूचा हार.

मी काकूंकडे पाहिलं. काकू रडायलाच लागल्या.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची, मशीनची पूजा. काकूंनी शिलाई मशीन पुसलं, कात्र्या पुसल्या. मग मनात आलं, यांचं पण एक मशीन आहे. ते गावाला आहेत तर आपण करावी पूजा, आल्यावर सांगू. पूजा करायची तर मशीन स्वच्छ पाहिजे. म्हणून त्यांनी डबा उघडला, आणि आतला तो मळ बघून बाईला शरमच वाटली. स्पंज नळाखाली चोळून चोळून पांढरा केला. चिनीमातीच्या कड्या पातेल्यात घालून खळखळ उकळल्या. मग ते सगळं गच्चीवर उन्हात वाळवलं, पापड वाळवतात तसं! आणि पूजेच्या दिवशी मशीन चालवायचं नसतं, म्हणून हार घालून दिवसभर बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी हात जोडून चालू केलं.

"मी चांगल्यासाठी केलं गं," काकू म्हणाल्या. "आता एखादा मेला तर? मीच शपथ घेतली होती ना. हे काय म्हणतील मला?"

मला ओरडायचं होतं. खरं सांगते, तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या हाराकडे पाहिलं आणि गिळलं. "रडू नका," मी म्हटलं, "पाणी साठवलेलं किती आहे?"

पिंपात कालचं पाणी होतं. अर्धी टाकी पाइपने उपसली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध माझ्या पिशवीत असतंच, ते पिंपात टाकलं आणि हळूहळू पाणी भरलं. पण पिंप लगेच संपलं, आणि नळाला पाणी यायची वेळ होऊन गेलेली. तेव्हा काकू दारात उभ्या राहिल्या आणि अशी हाक मारली की गल्ली जागी झाली. शेजारणी हंडे घेऊन आल्या. कुणी विचारलं, "कशाला पाहिजे?" "माशांना!" "अगं बाई!" म्हणून हसल्या आणि आणखी आणायला गेल्या. मी फिल्टरचं तोंड वर उचललं, पाण्याचा पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे असं. थरथरलं की हवा मिसळते. कळप लगेच तिथे गेला, वाहत्या पाण्याच्या तोंडाशी. श्वास घ्यायला बरं पडत होतं त्यांना.

पण हे नुसतं वेळ काढणं होतं. वस्ती मेली होती, पाणी पुन्हा बिघडणार. मला जिवंत मळ पाहिजे होता, मुरलेला, निरोगी. दुकानातला चालणार नव्हता, कारण तिथल्या टाक्यांत मी नुकतंच रोगावरचं औषध टाकलं होतं आणि ते औषध जिवाणूंनाही मारतं. मग कुणाकडे आहे असा फिल्टर? बरेच दिवस न बिघडलेला, झाडांच्या टाकीचा? एकदम आठवलं. जयंतीभाई!

फोन लावला. "जयंतीभाई, मला तुमच्या फिल्टरमधला मळ पाहिजे. थोडासा. आत्ता."

"शुं?"

"कचरो! तुमच्या फिल्टरचा कचरो!"

पलीकडून मोठं हसू. "अरे बेन, घेऊन जा ना, बधो लई जाओ! दिवाळीनी सफाई चाले छे. कामवाळीने आत्ताच डबा मोरीत नेलाय, धुते आहे."

मी फोनमध्येच किंचाळले. "थांबवा! नळ बंद करा! जयंतीभाई, तिला हात लावू देऊ नका! पळा!"

पळाले असावेत, कारण फोनमध्ये नुसता चपलांचा आवाज आणि "अली ऊभी रहे, ऊभी रहे!" असं ओरडणं. मी रिक्षात बसले. लिंबायतहून पर्वत पाटिया म्हणजे काही लांब नाही हो, पण दिवाळीच्या आधी! कपड्याचे टेम्पो, हातगाड्यांवर साड्यांचे गठ्ठे, प्रत्येक चौकात हॉर्न. रिक्षावाला आपल्याकडचाच, धुळ्याचा. "ताई, दवाखाना का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो, तसंच समज." त्याने रिक्षा अशी काढली की मी देवाचं नाव घेत दांड्याला धरून बसले.

मोरीत जयंतीभाई स्वतः उभे होते, हात पसरून, डब्याचं रक्षण करत. कामवाली बाई कोपऱ्यात चिडून उभी. एक स्पंज तिने धुतला होता, बाकीचं तसंच होतं, तपकिरी, बुळबुळीत, ओल्या मातीसारख्या वासाचं. काय सुंदर वास! चांगल्या फिल्टरला नेहमी मातीचा वास येतो, कुजका नाही. मी अर्धा मळ त्यांच्यासाठी ठेवला आणि डबा लगेच टाकीला जोडून चालू करून दिला, नाहीतर उद्या त्यांच्या माशांनी मान टाकली असती. उरलेला स्पंज आणि कड्या कशात न्यायच्या? जयंतीभाईंनी घारीचा, म्हणजे सुरती मिठाईचा, रिकामा डबा आणून दिला. त्यात टाकीचं थोडं पाणी, त्यात तो खजिना.

"बेन," लिफ्टपाशी ते म्हणाले, "कचरो मागायला कोणी पहिल्यांदा आलं माझ्याकडे. आणि मी पळालो पण पहिल्यांदाच." आणि स्वतःच खोखो हसले.

परतीच्या वाटेवर रिक्षावाला डब्याकडे बघत म्हणाला, "घारी? अजून चांदणी पडव्याला वेळ शे." कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी इथे घरोघर घारी खातात. मी झाकण जरा उघडून दाखवलं. त्याने पुन्हा मागे वळून पाहिलं नाही.

काकू दारातच होत्या. तो मळ फिल्टरमध्ये बसवताना त्या अशा बघत होत्या, जणू मी मूर्ती बसवतेय. डबा बंद केला, प्लग लावला, पाणी फिरायला लागलं. आणखी हंडे आले, आणखी थोडं पाणी बदललं. दाणा अजिबात टाकायचा नाही, दिवा बंद, माशांना शांत ठेवायचं. मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. या धंद्यात हा वेळ सगळ्यांत कठीण. पाण्याला घाई करता येत नाही.

दुपार कलली. पहिल्यांदा तळाचे मिशावाले वर यायचे थांबले. एकाने वाळूत तोंड घातलं. मी काकूंचा हात दाबला. मग कळप वरून जरा खाली उतरला, मध्यावर आला, एकमेकांपासून थोडा सुटला. एकाच्या अंगावर निळी रेघ पुन्हा उमटली. "उमटली! काकू, उमटली!" मी ओरडले. काकूंनी शेजारणीला ओरडून सांगितलं. शेजारणीने पुढे सांगितलं. पाणी अजून धुरकट होतं, ते आठवडाभर राहणारच होतं, पण मासे श्वास घेत होते! मला नाचावंसं वाटत होतं, गुडघे साथ देत नाहीत म्हणून नाचले नाही.

काळा एंजल मात्र सरळ झाला नाही. मी त्याला हलक्या प्रवाहाच्या जागी नेलं, जाळीने आडोसा केला. पण म्हातारा मासा, कल्ले फार भाजले होते. अण्णा यायच्या थोडं आधी तो वाळूवर टेकला आणि हलायचा थांबला. इतकी वर्षं झाली, असंख्य मासे मेलेले पाहिलेत, तरी तो मासा मी जाळीने नाही, ओंजळीत घेऊन बाहेर काढला.

काकूंनी त्याला कागदावर ठेवलं आणि कागद घेऊन त्या दारातच बसल्या. मी म्हटलं, "आपण नंतर सांगू. आधी अण्णांना चहापाणी तर घेऊ द्या." त्यांनी मान हलवली. लपवायचं नाही म्हणाल्या.

अण्णा आले. खांद्यावर पिशवी, टोपीवर गावाची धूळ. दारात बायको, हातात कागद, कागदावर काळा मासा. मी आत, बादल्या आणि हंडे, जमीन ओली. काकू उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एका दमात सगळं सांगितलं. धुतलं, उकळलं, वाळवलं, बंद ठेवलं. "मी मारलं त्याले. मन्ही शपथ व्हती, एक मरना तर टाकी बाहेर. आते तुम्ही सांगा."

अण्णांनी माशाला बोट लावलं. मग टाकीकडे गेले, वाकून पाहिलं, कळप पाहिला, वाळू उकरणारे पाहिले. खाली बसून सवयीने फिल्टरच्या डब्यावर तळवा ठेवला. हात उचलला तेव्हा तळव्याला हळद-कुंकू लागलं होतं. अण्णा त्या तळव्याकडे बघतच राहिले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस भडकणार.

"मन्हा मशीननी पूजा करी तू?" अण्णांनी विचारलं. पहिल्यांदाच ते हळू बोलले.

काकूंनी मान डोलावली.

"कारखानामा दर दसराले हार घाला मी. सगळा शेठना मशीन." त्यांनी तो तळवा काकूंसमोर धरला. "मन्हा मशीनले पहिल्यांदा हार पडना, आन् मी गावले व्हतू."

काकू पदराने तोंड झाकून रडत होत्या. मी पण रडत होते, कबूल करते. तरी काकूच त्या, शपथेच्या पक्क्या. त्यांनी डोळे पुसून पुन्हा अण्णांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून विचारलं, "मंग टाकीनं काय करानं?"

अण्णांनी सुटलेली चिकटपट्टी उचलली आणि प्लगभोवती गुंडाळायला घेतली.

"पुढला दसराले आपण दोन्हीजण हार घालूत," ते म्हणाले. "चालू मशीनले."